मनिला ते सुएझ, 1882: एका भिंतनकाशाच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2025

वाचनालयाच्या युवा विभागात लावायच्या भिंतनकाशांच्या मालिकेचा विषय ‘परदेशी निघालेले विद्यार्थी’ असा ठरला असून, पहिला नकाशा फिलिपिन्सच्या होसे रिझाल यांच्या 1882 मधील प्रवासाचा करावा, असे आजच्या बैठकीत नक्की झाले. नकाशासोबत एक छोटी पुस्तिकाही द्यायची आहे. 30 डिसेंबर 1896 रोजी मनिलात स्पॅनिश सत्तेने ज्यांना गोळ्या घातल्या आणि पुढे ज्यांना त्यांच्या देशाने राष्ट्रपुरुष मानले, ते रिझाल या नकाशाच्या कक्षेबाहेर आहेत. आपल्याला दाखवायचा आहे तो 3 मे 1882 रोजी ‘सालव्हादोरा’ नावाच्या आगबोटीने मनिला सोडणारा, वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हायला दीड महिना उरलेला वैद्यकाचा विद्यार्थी. तोवर त्याने मायदेशाबाहेरचा आशिया पाहिलेला नव्हता आणि वाटेत जे दिसेल ते तो स्पॅनिशमध्ये रोजनिशीत टिपून ठेवत होता.

रिझाल यांचा 1888 चा प्रवासही याच कागदावर घ्यावा, अशी एक सूचना आली. त्या वर्षी ते हाँगकाँग, मकाव, योकोहामा आणि टोकियो या ठिकाणी गेले, हाँगकाँगमध्ये त्यांनी चिनी नववर्षाचा सोहळा पाहिला आणि जपानमध्ये ते सुमारे दीड महिना राहिले. त्यामुळे सूचना मोहात पाडणारी होती. परंतु 1888 मधील रिझाल युरोपातून परतलेले नेत्रवैद्य होते, त्यांच्या कादंबरीवर मायदेशात बंदी आलेली होती आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांची नजर त्यांच्यावर होती. एकाच रेघेवर विद्यार्थी आणि संशयित असे दोघे दाखवले, तर पाहणाऱ्याला दोघांपैकी एकही नीट दिसणार नाही, असे माझे मत मी मांडले आणि ते मान्य झाले. नकाशा सुएझ कालव्यापाशी, म्हणजे आशियाच्या कडेला, संपेल. पुढची नेपल्स, मार्सेय आणि बार्सेलोना ही ठिकाणे कोपऱ्यातील लहान चौकटीत जातील.

9 जून 2025

निघण्याच्या प्रसंगाची टीप लिहून पूर्ण केली. सर्वांत जास्त काटछाट या टिपेत झाली, कारण सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि नकाशावर मनिलाच्या वाट्याला आलेली जागा तळहाताएवढी आहे.

जे ठेवले ते असे. रिझाल यांचा जन्म 19 जून 1861 रोजी लागुना प्रांतातील कालाम्बा या गावी झाला, त्यांचे शालेय शिक्षण मनिलातील जेझुइटांच्या अतेनेओमध्ये झाले आणि त्यानंतर ते सांतो तोमास विद्यापीठात वैद्यक शिकत होते. स्पेनला जाऊन शिक्षण पुरे करण्याचा बेत त्यांचे थोरले बंधू पासियानो, मामा-काकांच्या पिढीतील एक नातेवाईक आणि मोजके मित्र यांनाच ठाऊक होता. आईवडिलांना तो सांगितलेला नव्हता. 1 मे रोजी पहाटे त्यांनी कालाम्बा सोडले. पासपोर्ट होसे मेर्कादो या नावाचा होता.

या नावामागची पार्श्वभूमी दोन वाक्यांत तरी यायला हवी, असा आग्रह मी धरला. 1872 च्या जानेवारीत काविते येथे शिबंदीचे बंड झाले आणि त्याचे निमित्त करून त्याच वर्षी 17 फेब्रुवारीला गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना मनिलात जाहीरपणे मृत्युदंड देण्यात आला. पासियानो हे फादर बुर्गोस यांचे विद्यार्थी व निकटवर्ती असल्यामुळे मेर्कादो हे आडनाव अधिकाऱ्यांच्या डोळ्यावर आले होते आणि म्हणूनच धाकट्या भावाला शाळेत रिझाल या नावाने घातले गेले. दहा वर्षांनी मात्र रिझाल हेच नाव मनिलात परिचित झाले आणि देश गुपचूप सोडण्यासाठी पुन्हा मेर्कादो हे नाव उपयोगी पडले. ज्या घरात मुलाने कोणत्या नावाने वावरावे याचाही असा हिशेब करावा लागत होता, त्या घरातून तो निघाला होता, हे पाहणाऱ्याला कळले, तरच पुढच्या बंदरांतील मोकळेपणा त्याला एवढा का जाणवला असेल, याचा अंदाज येतो.

17 जून 2025

आज दिवसभर तारखा आणि अंतरे जुळवण्याचे काम केले. चरित्रग्रंथांत दिलेल्या तारखा अशा आहेत: मनिलाहून प्रयाण 3 मे, सिंगापूरला आगमन 9 मे, तेथून ‘जेमना’ या फ्रेंच आगबोटीने प्रयाण 11 मे, गॉल 17 मे, कोलंबो 18 मे, आफ्रिकेचे ग्वार्दाफुई टोक 26 मे, एडन 27 मे, सुएझ 2 जून. काही लेखनात सिंगापूरची तारीख 8 मे अशीही आढळते. परंतु 8 तारखेला बेटे दृष्टिपथात आली आणि 9 तारखेला बोट धक्क्याला लागली, असा क्रम धरला की दोन्ही तारखा आपापल्या जागी बसतात.

अंतरे समुद्री मैलांत मोजून वेग काढला. मनिला ते सिंगापूर सुमारे 1,330 मैल, सिंगापूर ते गॉल सुमारे 1,500, कोलंबो ते एडन सुमारे 2,100 आणि एडन ते सुएझ सुमारे 1,300 मैल. चारही टप्प्यांत सरासरी वेग ताशी दहा मैलांच्या आसपास येतो आणि त्या काळातील टपाल-आगबोटींच्या मानाने तो अगदी सयुक्तिक आहे. एखादा टप्पा बारा किंवा सात मैलांचा निघाला असता, तर तारखेवर शंका घ्यावी लागली असती. तशी वेळ आली नाही.

तारखांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासणे आवश्यक होते. मनिलाचा व्यवहार दीर्घकाळ मेक्सिकोमार्गे चालल्यामुळे तेथील पंचांग अमेरिकेच्या बाजूने, म्हणजे आशियातील इतर बंदरांपेक्षा एक दिवस मागे, चालत असे. ही विसंगती 1844 मध्ये 31 डिसेंबर हा दिवसच गाळून दूर करण्यात आली, त्यामुळे 1882 च्या रोजनिशीला तिची बाधा होत नाही. नकाशावर याचा उल्लेख करण्याचे कारण नाही. पुस्तिकेत मात्र एका ओळीपुरती जागा मिळाली, तर तो करावा, कारण वर्षातला एक दिवस गायब झाल्याची हकीकत शाळकरी वाचक कधी विसरत नाही.

28 जून 2025

सिंगापूरसाठी मोठ्या प्रमाणावरची वेगळी चौकट काढायची असल्यामुळे हा आठवडा तिच्यावरच गेला. आजचे सिंगापूर पाया म्हणून वापरता येत नाही. समुद्रात घातलेल्या भरावामुळे तेथील किनारा इतका पुढे सरकला आहे की एकेकाळी लाटांना लागून असलेला बीच रोड आज शहराच्या आत दिसतो. मुंबईचा नकाशा ज्याने केला असेल, त्याला ही अडचण वेगळी सांगण्याची गरज नाही. जुनी किनाररेषा हाताने काढून घेतली आणि तिच्यावर फक्त 1882 मध्ये उभ्या असलेल्या वास्तू ठेवल्या: कोलमन स्ट्रीटवरील ‘होटेल द ला पे’, जेथे रिझाल उतरले होते, नदीच्या मुखाजवळचा कॅव्हेना पूल, तेलोक आयर भागातील 1842 मध्ये पूर्ण झालेले थियान हॉक केंग हे चिनी देवालय, साऊथ ब्रिज रोडवरील मरिअम्मन देवालय, आणि शहराबाहेर टांगलीन भागात 1859 मध्ये सुरू झालेले वनस्पती उद्यान. रिझाल यांनी येथील दोन दिवसांत उद्यान, देवळे आणि बाजारपेठ पाहिल्याचे चरित्रांतून येते.

याच यादीत चरित्रकार हमखास आणखी एक नाव घालतात, ते म्हणजे शहराचे संस्थापक स्टॅम्फर्ड रॅफल्स यांचा पुतळा. आमच्या मसुद्यातही त्याची खूण करण्याचा प्रस्ताव होता. तपासल्यावर असे दिसले की टॉमस वूलनर यांनी घडवलेला रॅफल्स यांचा ब्राँझचा पुतळा राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 27 जून 1887 रोजी पडांग मैदानावर बसवण्यात आला, म्हणजे रिझाल यांच्या या मुक्कामानंतर पाच वर्षांनी. 1882 मध्ये त्या परिसरात नगरभवनासमोर एक ब्राँझचा हत्ती मात्र होता, जो सयामचे राजे चुलालाँगकोर्न यांनी 1871 मधील आपल्या भेटीची आठवण म्हणून शहराला दिला होता. रिझाल पुढे 1887, 1891 आणि 1896 या वर्षांतही सिंगापूरवरून गेले, हे लक्षात घेता निरनिराळ्या भेटींचे तपशील एकमेकांत मिसळले असण्याचा संभव मोठा वाटतो. फिलिपिन्समध्ये 1956 च्या एका कायद्याने रिझाल यांच्या जीवनाचा व लेखनाचा अभ्यास शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा झाला. त्यामुळे एखादे वाक्य पाठ्यपुस्तकात एकदा शिरले की पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच उतरवले जाते, हे ओघाने आलेच. आपल्याकडच्या थोर पुरुषांच्या चरित्रांची गत फारशी निराळी नाही. पुतळ्याची खूण रद्द केली, हत्तीची ठेवली आणि तिच्याखाली ‘1882 मध्ये येथे उभा असलेला’ एवढेच लिहिले. रिझाल यांनी तो पाहिला, असे लिहिलेले नाही.

चौकटीखालच्या टिपेत सिंगापूरची स्थिती थोडक्यात दिली आहे. हे बंदर 1819 पासून खुल्या व्यापाराचे होते, 1867 पर्यंत त्याचा कारभार भारतातील ब्रिटिश सरकारच्या अखत्यारीत होता आणि त्यानंतर ते ‘सामुद्रधुनी वसाहती’ या थेट लंडनच्या अखत्यारीतील राजवसाहतीचा भाग झाले. मनिलाहून आलेल्या तरुणाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो येथील माणसांचा मेळा. चिनी, मलायी, तमिळ, अरब आणि युरोपीय लोक एकाच रस्त्यावर आपापल्या वेशात, आपापल्या देवळांसह वावरत होते, आणि ज्या वसाहतीतून तो आला होता, तेथे शिक्षणापासून दफनापर्यंत सारे काही कॅथलिक धर्मसंस्थेच्या हातात होते. दोन्ही ठिकाणी राज्य परक्यांचेच होते, हे टिपेत स्पष्टपणे लिहिले आहे. नाहीतर वाचकाला सिंगापूर म्हणजे स्वातंत्र्याची भूमी वाटायची.

3 जुलै 2025

बंदरांमधल्या रिकाम्या निळ्या पट्ट्यांत काय छापायचे, यावर चर्चा झाली. तिथे प्रवासातील सहप्रवाशांविषयीच्या लहान टिपा घालायचे ठरले. ‘सालव्हादोरा’वर मोजके प्रवासी होते आणि त्यांत रिझाल हे एकटेच फिलिपिनो होते, वयाने मोठ्या प्रवाशांशी बुद्धिबळ खेळून त्यांनी अनेक डाव जिंकले. ‘जेमना’वर इंग्रज, फ्रेंच, डच, स्पॅनिश, मलायी, सयामी अशी मिश्र वस्ती होती. अतेनेओमध्ये शिकलेले फ्रेंच आपण येथे सहज बोलू, अशी रिझाल यांची अपेक्षा होती, पण ते कोणालाच नीट कळेना, तेव्हा स्पॅनिश आणि लॅटिन शब्दांची भर घालून, हातवारे करून आणि प्रसंगी कागदावर चित्र काढून त्यांनी आपले म्हणणे समजावले व रोजच्या सरावाने हळूहळू भाषा आपलीशी केली. पुस्तकी इंग्रजी घेऊन प्रथमच मोठ्या शहरात गेलेल्या आमच्या वाचकांना ही टीप नकाशातील इतर कोणत्याही टिपेपेक्षा जवळची वाटेल, असा माझा कयास आहे. म्हणून तिला सर्वांत रुंद पट्टा, म्हणजे कोलंबो ते एडनचा, दिला आहे.

12 जुलै 2025

गॉल आणि कोलंबो यांच्या टिपा लिहिताना हा सारा प्रकल्प का करावा, हे प्रथमच मला नेमकेपणाने उमगले. आमच्या मुलांना गॉल ठाऊक आहे ते किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या क्रिकेटच्या मैदानामुळे. रिझाल यांना 17 मे रोजी दिसलेले गॉल रम्य असले, तरी एकाकी, शांत आणि काहीसे उदास होते. दुसऱ्या दिवशी पाहिलेले कोलंबो मात्र त्यांना इतके आवडले की सिंगापूर, गॉल आणि खुद्द मनिला यांच्यापेक्षाही ते सुंदर व डौलदार असल्याचे मत त्यांनी नोंदवले. सामान्यतः असे शेरे प्रवाशाच्या मनःस्थितीवर सोडून दिले जातात: घरची आठवण येत असेल, ऊन जास्त असेल, जेवण बिघडले असेल. परंतु त्या वर्षी या दोन बंदरांत काय चालले होते ते पाहिले की शेऱ्याला वेगळेच वजन येते.

पोर्तुगीज, डच आणि ब्रिटिश अशा तिन्ही सत्तांच्या काळात गॉल हे लंकेचे मोठे बंदर होते आणि पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी तेथेच थांबत असत. तथापि त्याच्या मुखाशी खडक आहेत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून त्याला पुरेसा आडोसा नाही. वसाहतीचे सरकार व व्यापार कोलंबोत एकवटल्यावर तेथेच सुरक्षित बंदर बांधण्याचे ठरले. लाटा अडवण्यासाठी समुद्रात घालायच्या भिंतीचा पहिला दगड डिसेंबर 1875 मध्ये ब्रिटिश युवराजांच्या हस्ते बसवण्यात आला आणि ती भिंत 1885 मध्ये पूर्ण झाली. मधल्या दहा वर्षांत, विशेषतः 1882 च्या सुमारास, टपाल-आगबोटी गॉल सोडून कोलंबोकडे वळू लागल्या. ‘जेमना’ने लागोपाठ दोन दिवसांत ही दोन्ही बंदरे घेतली, यातच त्या संक्रमणाची खूण आहे. एकाचे दिवस भरत आले होते आणि दुसऱ्याचे सुरू होत होते. वीस वर्षांच्या मुलाने बोटीवरून उतरून काही तास फेरफटका मारला आणि त्या बंदराच्या ओहोटीची कारणे माहीत नसतानाही त्याला ती जाणवली. रोजनिशी लिहिणाऱ्याचे काम कारणे देण्याचे नसते. ती आपण दीडशे वर्षांनंतर बसून द्यायची असतात.

म्हणून प्रत्येक बंदराची टीप दोन भागांत मांडण्याचा आराखडा आज कायम केला. वर तिरप्या ठशात रिझाल यांच्या मताचा सारांश असेल आणि खाली उभ्या ठशात त्या बंदराची त्या वर्षीची स्थिती असेल.

15 जुलै 2025

बंदरांना रिझाल यांच्या पसंतीनुसार तारे द्यावेत, म्हणजे मुलांना गंमत वाटेल, अशी सूचना मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याने केली. ती मी मान्य केली नाही. या विद्यार्थ्याकडे तुलनेसाठी मोजमाप एकच होते, आणि ते मनिला. ज्या बंदरात त्याला मनिलाची उणीव दिसली, ते त्याला आवडले आणि जेथे मनिलाचाच मरगळलेपणा भेटला, तेथे तो खिन्न झाला. ताऱ्यांनी बंदरांची प्रतवारी दिसेल, पण ती प्रतवारी ज्या गावाच्या संदर्भात झाली, ते गाव नाहीसे होईल. ताऱ्यांऐवजी प्रत्येक बंदरापासून मनिलाकडे परत जाणारी एक बारीक तुटक रेघ काढली आहे.

26 जुलै 2025

नकाशाला रंग देताना एडनचा प्रश्न उभा राहिला. 1882 च्या राजकीय सीमा दाखवायच्या म्हणजे आजच्या मलेशिया, इंडोनेशिया, म्यानमार यांऐवजी सामुद्रधुनी वसाहती, डच ईस्ट इंडीज आणि ब्रह्मदेशाचा फक्त दक्षिण भाग ब्रिटिशांकडे, अशी रंगसंगती होते. एडन ब्रिटिशांनी 1839 मध्ये घेतले आणि तेव्हापासून पुढे अनेक दशके त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. तेथील अधिकारी, पलटणी आणि चलनातला रुपया हे सारे मुंबईकडचे होते. त्यामुळे अरबस्तानच्या टोकावरील त्या ठिपक्याला तोच रंग द्यावा लागला, जो पुणे, सातारा आणि रत्नागिरीला दिला आहे.

तो रंग भरत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली, जी या नकाशावर नसती, तर आमच्या भिंतीवर हा नकाशा लावण्याला अर्थ राहिला नसता. वासुदेव बळवंत फडके यांना 1879 मध्ये पकडण्यात आले, पुण्यात त्यांच्यावर खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि 1880 च्या आरंभी त्यांना एडनच्या तुरुंगात नेण्यात आले. त्यांनी तुरुंगातून पळून जाण्याचा प्रयत्न केला, पण ते पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला. म्हणजे 27 मे 1882 रोजी ‘जेमना’ एडनला लागली, तेव्हा फडके त्याच वसाहतीत कैदेत होते. रिझाल यांनी त्या मुक्कामात मनिलापेक्षाही कडक उन्हाचा अनुभव घेतला आणि उंट पाहून त्यांना मौज वाटली. आगबोटी तेथे कोळसा भरण्यासाठी थांबत आणि उतारूंना मिळणारा अवधी तेवढाच असे. कैदेत कोण आहे, हे त्यांना समजण्याचा संभव नव्हता आणि फडक्यांना तर बंदरात कोणती बोट आली हे कळण्याचेही कारण नव्हते.

या योगायोगाला किती जागा द्यायची, यावर आम्ही बराच वेळ बोललो. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की दोघांची चित्रे समोरासमोर छापावीत. मला ते रुचले नाही. दोघांची भेट झाली नाही, एकाच्या विचारांचा दुसऱ्यावर परिणाम झाला नाही आणि समोरासमोरची चित्रे नेमका तोच भास निर्माण करतात. फडक्यांनी रामोशी, भिल्ल यांना जमवून शस्त्र हाती घेतले होते. रिझाल हे आयुष्यभर लेखणी आणि सुधारणा यांच्या बाजूने राहिले, हा भेदही चित्रांत दिसणार नाही. शेवटी एडनच्या टिपेच्या खालच्या भागात, बंदराच्या त्या वर्षीच्या स्थितीचा एक भाग म्हणून, फडक्यांविषयी तीन वाक्ये घातली. कोणतेही विशेषण वापरलेले नाही. ज्या दिवशी मनिलात 1872 मध्ये तीन धर्मगुरूंना मारले गेले, ती तारीखही 17 फेब्रुवारीच आहे. हे मी येथे लिहून ठेवतो, नकाशावर घालणार नाही. तारखांच्या अशा जुळण्यांना एकदा थारा दिला की त्यांना अंत राहत नाही.

2 ऑगस्ट 2025

सुएझ कालव्याची शेवटची टीप पूर्ण झाली. कालवा 17 नोव्हेंबर 1869 रोजी खुला झाला आणि त्यामुळे मनिलाहून स्पेनला जायला आफ्रिकेला वळसा घालून लागणारे काही महिने दीड महिन्याच्या आत आले. रिझाल यांच्या पिढीतील इतके फिलिपिनो विद्यार्थी माद्रिद आणि बार्सेलोनाला पोहोचू शकले, त्याचे हे एक सरळ कारण आहे आणि ते टिपेच्या पहिल्याच वाक्यात दिले आहे. कालव्यात त्या वेळी बोटी फक्त दिवसा चालत. विजेच्या झोतदिव्यांच्या आधाराने रात्री जाण्याची परवानगी 1887 मध्ये मिळाली. चरित्रांत रिझाल यांना कालवा ओलांडायला पाच दिवस लागल्याचे दिले आहे. ती सुमारे 160 किलोमीटरची संथ वाट त्यांनी 2 जूननंतरच्या आठवड्यात पार केली.

याच आठवड्यात इजिप्तमध्ये कर्नल अहमद उराबी यांच्या चळवळीने उग्र रूप धारण केले होते आणि ब्रिटिश व फ्रेंच युद्धनौका अलेक्झांड्रियासमोर येऊन थांबल्या होत्या. 11 जूनला, म्हणजे ‘जेमना’ नेपल्सला पोहोचली त्याच दिवशी, अलेक्झांड्रियात दंगल झाली. महिनाभराने ब्रिटिशांनी त्या शहरावर तोफा डागल्या आणि सप्टेंबरमध्ये देशाचा ताबा घेतला. उराबींना सिलोनला हद्दपार करण्यात आले आणि 1883 च्या जानेवारीत ते कोलंबोला उतरले, त्याच कोलंबोला जे सात-आठ महिन्यांपूर्वी रिझाल यांना सर्व बंदरांत देखणे वाटले होते. एका सत्तेचे बंदीघर मुंबईच्या कैद्यासाठी एडनला आणि इजिप्तच्या कैद्यासाठी सिलोनला असते, हे आगबोटींच्या वेळापत्रकातून सहसा दिसत नाही. दोन्ही टिपा एकाच कागदावर आल्या की ते दिसते. पुढे स्वतः रिझाल यांना त्यांच्या सरकारने मिंदानाओमधील दापितानला हद्दपार केले, 1892 मध्ये.

9 ऑगस्ट 2025

आनंदीबाई जोशी यांचा मार्ग याच नकाशावर दुसऱ्या रंगाने दाखवावा, असे पत्र एका ज्येष्ठ वाचकाने पाठवले आहे. सूचना विचारपूर्वक केलेली आहे: आनंदीबाई 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या, त्यांचेही शिक्षण वैद्यकाचेच होते आणि वयाने त्या रिझाल यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होत्या. दोघांच्या निघण्यातील अंतर मात्र फार मोठे आहे. रिझाल आईवडिलांनाही न सांगता दुसऱ्या नावाच्या पासपोर्टवर गेले. आनंदीबाईंनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला जाहीर भाषण करून, आपण का जात आहोत आणि धर्म न सोडता परत येणार आहोत, हे लोकांसमोर सांगितले. इतके वेगळे प्रस्थान दुसऱ्याच्या नकाशावरची जोडरेघ म्हणून दाखवणे योग्य नाही. मालिकेतील दुसरा नकाशा त्यांचाच असेल, असे उत्तर पाठवले.

21 ऑगस्ट 2025

पुस्तिकेचा मजकूर अक्षरजुळणीला गेला. शेवटच्या पानावर, प्रवास संपल्यावर या विद्यार्थ्याने त्याचे काय केले, हे आले आहे. 16 जूनला रिझाल बार्सेलोनाला पोहोचले, तीन दिवसांनी त्यांना एकवीस वर्षे पूर्ण झाली आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी मनिलातील ‘दियारियोंग तागालोग’ या नव्या वृत्तपत्रासाठी लेख लिहायला घेतले. मायदेशप्रेमावरचा पहिला लेख 20 ऑगस्ट 1882 रोजी ‘लाओंग लाआन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचा विषय प्रवास हा होता. ते वृत्तपत्र लवकरच बंद पडले आणि प्रवासावरील लेख पुढे 1889 मध्ये स्पेनमधून निघणाऱ्या फिलिपिनो सुधारकांच्या नियतकालिकात छापला गेला. रोजनिशीतील सुटे शेरे आणि हा लेख यांत काही आठवड्यांचेच अंतर आहे, तरी त्यांतला बदल मोठा आहे: बोटीवर हा मुलगा बंदरे पाहत होता, लेखात तो देशाने बाहेर पडून काय शिकावे याचा विचार करतो. पुस्तिकेत लेखाचा उतारा न देता ही दिशा सांगितली आहे.

29 ऑगस्ट 2025

छपाईचा नमुना आला. तुटक रेघा अपेक्षेपेक्षा ठळक उमटल्या असून सिंगापूरपासून मनिलाकडे जाणारी रेघ दक्षिण चिनी समुद्रातील टिपेवरून जाते. टीप एक सेंटिमीटर खाली घेतली. मुंबई इलाख्याचा रंग डच ईस्ट इंडीजच्या रंगाशी मिळताजुळता झाला होता, तो गडद करायला सांगितले आणि एडनचा ठिपका दीड मिलिमीटरवरून तीन मिलिमीटर केला, कारण त्याहून लहान ठिपक्यात रंग ओळखू येत नाही. सूचिकेत ‘मुंबई इलाखा, एडनसह’ अशी ओळ आहे, तीच कायम राहील. दुरुस्त नमुना सोमवारी मिळेल, त्यानंतर भिंतीवरील प्रत आणि पुस्तिका यांची छपाई एकदमच करायची आहे.